नरखेडची पानगळ आणि डावी सीट

प्रतापनगर, नागपूर
संक्रांतीच्या आधीचा मंगळवार

तीर्थस्वरूप यमुताई वन्सं यांना,

अरुंधतीचा वाकून नमस्कार. (गुडघे परवानगी देतात तेवढीच वाकले आहे. उरलेला नमस्कार मनातून समजून घ्यावा.) तुमचं ब्लड प्रेशर, तुमची कंबर आणि त्या बर्फात पाय घसरू नये म्हणून अपूर्वने आणलेले ते होडीएवढे बूट, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. इकडे तुमचे बंधुराज खुशाल आहेत. थंडी पडल्यापासून ते माकडटोपी घालून गॅलरीत बसतात आणि उन्हाबरोबर खुर्ची सरकवत सरकवत सकाळी पूर्वेच्या टोकाला निघालेले दुपारच्या चहापर्यंत पश्चिमेच्या टोकाला पोचतात. या घरात प्रवास झाला तर एवढाच होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणूनच माझ्या प्रवासाची हकिगत सविस्तर लिहिते आहे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनला माझी ना नाही. पण तुमचा फोन तिकडे अपूर्वच्या दिवाणखान्यात टेबलावर स्पीकर लावून ठेवलेला असतो. मी इकडून काही बोलले की आधी सूनबाई हसते, मग अपूर्व मला समजावतो आणि सगळ्यात शेवटी तुम्ही म्हणता, 'हो गं, बघू.' हे 'बघू' तुम्ही नागपुरात कधी म्हटलं नव्हतं. इथे तुमचं एक तर 'हो' असायचं, नाहीतर 'मुळीच नाही'. तेव्हा हे पत्र तिसऱ्या मजल्यावरच्या अस्मिताबरोबर पाठवते आहे. (तीच, जिला तुम्ही लहानपणी जिन्यात सायकल चालवली म्हणून रडवलं होतं. आता ती तुमच्याच गावी शिकते आणि सुटी संपवून परत निघाली आहे. तिने मनात काही ठेवलेलं नाही, तुम्हीही ठेवू नका.) पत्र बाथरूमचं दार लावून वाचा.

तर ऑक्टोबरात तुमचा तो फोटो आला. वर लाल-पिवळं झाड, खाली लाल-पिवळी पानं आणि मध्ये तुम्ही, अंगात सूनबाई गुंजनचा कोट आणि डोक्यावर गोंड्याची टोपी. खरं सांगते, तुम्ही छान दिसत होता आणि त्याचंच मला वाईट वाटलं. खाली तुम्ही लिहिलं होतं, 'तुमच्या नागपुरात असं काही असेल तर एक तरी फोटो दाखव, आणि तोही मी शेजारी नसताना एकटीनं गाडी नेऊन काढलेला. दाखवलास तर परत येते, नाहीतर संक्रांतीनंतर माझा फ्लॅट विकायचं दलालाला सांगून टाकते.' अपूर्व म्हणाला, मामी, आई गंमत करते आहे. पण लग्न होऊन आल्यापासून मी बघते आहे, तुमच्या माहेरी गंमत करायची पद्धत नाही. आणि 'तुमच्या नागपुरात' म्हणजे काय हो वन्सं? मी लग्नानंतर आले अमरावतीहून. जन्मल्यापासून इथली तर्री खाऊन डोळे पुसणाऱ्या तुम्ही, आणि नागपूर माझं एकटीचं कधी झालं? उन्हाळा टाळायला म्हणून दोन महिने गेलात, तर तिकडे पावसाळा झाला, दिवाळी झाली, आता अपूर्व कायमचे कागद करतो आहे म्हणे. समोरच्या दाराला कुलूप बघत मी रोज दूध आत घेते. ते दार उघडं असलं की मला जिन्यातच भांडता यायचं, आता भांडायला आत यावं लागतं आणि आत तुमचे बंधू असतात, ते ऐकूनच घेत नाहीत.

फोटो काढायचा असं मी त्याच दिवशी ठरवलं, पण ऑक्टोबरात आपल्याकडे पानगळ कुठली शोधायची? आपल्याकडे ऑक्टोबरात गळतो तो घाम. तरी अपूर्वचा जुना कॅमेरा तुमच्या कपाटातून काढून मी सेमिनरी हिल्सला गेले. (रिक्षाने गेले. ते मोजू नका.) सगळं हिरवंगार, जसं काही कुणी झाडांना सांगूनच ठेवलं होतं की या बाईला जिंकू द्यायचं नाही. शेवटी एका झुडपात एक सुंदर सोनेरी पान दिसलं. वाकून, श्वास रोखून, वेगवेगळ्या बाजूंनी त्याचे फोटो काढले. घरी येऊन मोठं करून पाहिलं तर ते चिप्सचं रिकामं पाकीट होतं. तुमचे बंधू म्हणाले, आपली पानगळ शिशिरात असते, घाई काय आहे. त्यांच्या आयुष्यातलं हे एकमेव उपयोगी वाक्य मी ऐकलं आणि नाताळच्या आठवड्यापर्यंत थांबले.

आता एकटीनं जायचं म्हणजे काय असतं, ते आपल्या गल्लीत कुणाला ठाऊक नाही. मी गाडीत पाणी भरते आहे हे पाहून खालचे आनंदराव आले. कुठे निघालात, एकट्याच का, सोबत कुणी नाही का, असं तीन वेळा विचारून झाल्यावर त्यांना एकदम कळलं की मी पानगळ शोधायला काटोलवरून नरखेडकडे जाणार. मग एकटी जाण्याबद्दलची सगळी काळजी बाजूला राहिली आणि जातच आहात तर म्हणून त्यांनी त्यांच्या भावनासाठी एक रजई आणून मागच्या सीटवर कोंबली. (काटोलला दिलेली त्यांची मुलगी. तिच्या लग्नात तुम्ही जिलबी कच्ची आहे असं व्याह्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला होतात.) त्या रजईने मागची काच पूर्ण झाकली. मी म्हटलं मागचं दिसणार नाही, तर आनंदराव म्हणाले, तुम्हाला जायचं पुढे आहे.

काटोल नाक्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथून पुढे, वन्सं, मी खरोखर कधी एकटी गेलेले नाही, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं. पन्नाशीनंतर गाडी शिकले ती तुमच्या भरवशावर. बंधूंनी गाडी घेतली आणि चालवायला घाबरले, म्हणून स्टिअरिंगवर मी बसले आणि डावीकडे तुम्ही. समोर ट्रक आला की तुम्ही दोन्ही पाय खाली दाबायचा, जसा काही ब्रेक तुमच्याकडेच होता. त्या दाबण्याने तुमच्या बाजूच्या मॅटला टाचेएवढं भोक पडलं आहे, हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. आणि पुढची गाडी ओलांडायची असली की मी विचारायची, 'वन्सं, काढू?' आणि तुम्ही म्हणायचा, 'काढ.' नाक्यापुढे पहिला ट्रक लागला तेव्हा मी सवयीने विचारलं, 'वन्सं, काढू?' रजईने काही उत्तर दिलं नाही. मी काढली नाही. फेटरीला तो ट्रक आपणहून ढाब्यावर थांबला, म्हणून मी काटोलला पोचले.

काटोलला रजई उतरवली तर भावनाच्या ओसरीवर सिंधूताई बसलेल्या. या भावनाच्या सासूच्या बहीण, नरखेड तालुक्यातल्या, संत्र्याची बाग असलेल्या. नागपुरात धंतोलीला गुडघ्याच्या डॉक्टरला दाखवून परतीच्या वाटेवर दोन दिवस भाचेसुनेकडे थांबल्या होत्या आणि आता एसटीला निघाल्या होत्या. भावना म्हणाली, काकू, तुम्ही नरखेडकडेच ना? तर जातच आहात तर. अशी रजई उतरली आणि सिंधूताई चढल्या. (यामुळे माझं एकटीनं जाणं बाद होतं असं म्हणू नका. त्यांनी पूर्ण वाटेत रस्त्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला ओळखत होत्या आणि ज्यांना ओळखत नव्हत्या त्यांच्यासाठी मला गाडी हळू करायला लावून, कोणाचा वं तू, असं विचारत होत्या.) आमचे गुडघे एकाच जातीचे निघाले, एकाच बाजूला दुखणारे, त्यामुळे मैत्री व्हायला वेळ लागला नाही. कुणाची सून सावळी, कुणाची गोरी, मोसंबीची बाग, संत्र्याची बाग, कुणाची विहीर कुणाच्या बांधात सरकली, सगळं ऐकत मी चालले होते. मग त्यांची टाच त्या भोकात अडकली.

'हे भोक कोनं पाडलं वं?' त्यांनी विचारलं. मी तुमचं सगळं सांगितलं. तुम्ही कोण, कुठे गेलात, तुमचा फोटो, तुमची पैज, समोरच्या दाराचं कुलूप. खरं तर एवढं सांगायचं नव्हतं, पण गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला आपण सांगतोच. सिंधूताई खिडकी सोडून माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, 'मंग आता तिकडं कशावर पाय दाबते ते बाई?'

याचं उत्तर तुम्हीच द्या.

त्यांच्या घरी पोचल्यावर त्या चहा ठेवायला आत गेल्या, त्यांचे यजमान धोंडबा गावात गेले होते, आणि मी कॅमेरा घेऊन घरामागच्या बागेकडे गेले. वन्सं, काय सांगू. ओळीने संत्र्याची झाडं, आणि सगळी पिवळी. हिरवट पिवळी, हळदी पिवळी, काही काही तर तांबूस. खाली पानांचा सडा. ऊन तिरपं आलेलं. कुठे पाखराचा आवाज नाही. मी एकटी तिथे उभी राहून मोठ्याने म्हटलं, या आता, बघा. मग फोटो काढले. एखादा तरी चांगला यावा म्हणून खूप काढले. त्यातला एक असा आला की मला स्वतःलाच तो मी काढला असं वाटेना. पैज जिंकल्याचा असा आनंद मला लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या हातची पुरणपोळी फुटली तेव्हाच झाला होता.

आणि मग मी ती चूक केली. आनंद झाला की माणूस उदार होतो. मी झाडाजवळ गेले तर माती भेगाळलेली, पानं मुरगळलेली, हाताला कडकडीत लागत होती. झाड तहानेने मेलं होतं हो. तुम्हाला माझं माहीत आहे, उन्हाळ्यात रस्त्याच्या कुत्र्यासाठीसुद्धा मी माठ भरून ठेवते. (आणि तुम्ही त्यात पाय अडकून पडला होतात.) बांधाला सिमेंटचं टाकं होतं, भरलेलं. बादली होती. मला वाटलं, बिचाऱ्या सिंधूताई गुडघ्यांच्या फेऱ्यांत, धोंडबांना झेपत नसेल, बाग वाळून चालली आणि कुणाचं लक्ष नाही. एवढा सुंदर फोटो त्या झाडाने मला दिला, त्याला मी पाण्याशिवाय ठेवू? मग मी त्या एका झाडाला बादल्यांवर बादल्या पाणी घातलं. गुडघे ओरडत होते पण मी ऐकलं नाही. आळं भरलं, माती सुस्कारली, आणि मला पुण्य लागल्यासारखं वाटलं.

इतक्यात सिंधूताई चहा घेऊन आल्या. कपबशी त्यांनी बांधावर ठेवली आणि अशा धावल्या की धंतोलीच्या डॉक्टरने पाहिलं असतं तर आपली पदवी फाडली असती. 'अवं बाई, काय करून राहिली वं हे! ताण देल्ला आहे बागेले!'

ताण म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळलं, ते आता तुम्हाला सांगते. नोव्हेंबरात फळं उतरली की ही माणसं बागेचं पाणी मुद्दाम तोडतात. झाड तहानतं, पानं पिवळी पडतात, गळतात, दिसायला झाड संपल्यासारखं होतं. आणि मग संक्रांतीनंतर एक दिवस एकदम पाणी सोडतात, की दोन-तीन आठवड्यांत सगळी बाग एकाच वेळी फुलते. त्या फुलांचीच पुढची संत्री. म्हणजे मी जिला पानगळ समजून फोटो काढत होते ती पानगळ नव्हतीच, ते त्यांचं शेतीचं काम चाललं होतं. ताण देणाऱ्या घरात एवढी शिस्त असते की बागेत कुणी तांब्याभर पाणीसुद्धा सांडत नाही, आभाळात ढग आला तरी धोंडबांना जेवण जात नाही म्हणे, की पाऊस पडून ताण मोडेल. आणि त्या बागेत नागपूरची एक बाई फोटो काढायला येते आणि पुण्य करून जाते.

मला वाटलं आता धोंडबा येऊन काय बोलतील. ते आले, त्यांनी आळं पाहिलं, मला पाहिलं, कॅमेरा पाहिला, आणि मग इतके हसले की त्यांना टाक्याच्या कठड्यावर बसावं लागलं. एका झाडानं काही बिघडत नाही म्हणाले, पण हे झाड आता बाकीच्यांच्या आधी जागं होणार. सिंधूताईंना मात्र हसू आलं नव्हतं. 'एकटं झाड फुललं का साऱ्या शिवारातले किडे त्याच्यावरच येते,' त्या मला म्हणाल्या. 'फुलाचं त साऱ्याइनं संगं फुला लागते. हे एकटंच काय करंन?' मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, चहा थंडा झाला, दुसरा टाकते. (त्या वाक्याचा रोख झाडाकडे होता की माझ्याकडे, हे मी विचारलं नाही.)

निघताना त्यांनी गाडीत तुरीच्या शेंगा, मुळे, लिंबं आणि ज्वारीच्या कणसांची एक पेंढी टाकली. म्हणजे परत येताना मागची काच पुन्हा झाकली. पण डावी सीट मोकळी होती. आता मी खरीच एकटी निघाले होते, तुमच्या अटीप्रमाणे.

काटोल सोडलं आणि पुढे कापसाचा ट्रॅक्टर लागला. ट्रॉली अशी भरलेली की तिच्यापुढचा रस्ता काय, आभाळही दिसेना. ती सायकलच्या वेगाने चालली होती. मी म्हटलं, 'वन्सं, काढू?' मग म्हटलं, काढावी. मग वाटलं, समोरून काही आलं तर? मग म्हटलं, पुढच्या वळणानंतर काढू. मागचे सगळे हॉर्न वाजवत आम्हा दोघांना ओलांडून गेले, एसटी गेली, दुचाक्या गेल्या, एक वरातीची जीप गेली, तिच्यातल्या माणसांनी हात केला. मी आपली ट्रॅक्टरच्या मागे. ट्रॉलीतून कापूस उडत होता आणि काचेवर येऊन बसत होता. वायपर लावला तर तो वायपरला गुंडाळला. (तुम्ही बर्फाच्या फोटोची अट घातली असतीत तर तीही मी जिंकले असते.) शेवटी कळमेश्वरच्या अलीकडे त्या ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर बाजूला घेतला. म्हटलं, देव पावला. पण सवयीने मीही त्याच्या मागे बाजूला घेतली. तो खाली उतरून माझ्या खिडकीशी आला आणि फार अदबीने म्हणाला, 'बाई, काटोलपासून माह्या मागं मागं काहून येऊन राहिल्या? काही काम आहे का?'

काय सांगणार? म्हटलं, गाडी जरा गरम झाली आहे. तो बिचारा पाणी आणतो म्हणाला. पाण्याचं नाव काढताच मी नको नको म्हणून ओरडले.

तो तिथे चहा प्यायला थांबला आणि मीही थांबले. आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी उतरून डाव्या बाजूला जाऊन बसले. तुमच्या जागेवर. टाच त्या भोकात ठेवली. समोर तोच ट्रॅक्टर उभा. आणि वन्सं, तिथून मला काय दिसलं माहीत आहे? ट्रॉली. नुसती ट्रॉली. डावीकडे बसलेल्या माणसाला पुढून येणारं काही म्हणजे काही दिसत नाही. ट्रक, बस, हत्ती, काही येत असला तरी कळत नाही. म्हणजे इतकी वर्षं, वर्धा रस्ता, अमरावती रस्ता, रामटेकची गर्दी, सगळीकडे तुम्ही काही एक न बघता मला 'काढ' म्हणत होता, तेही इतक्या खात्रीने. आणि मी काढत होते. त्या ट्रॅक्टरवाल्याने बघितलं असेल, की या बाईची गाडी गरम झाली आहे आणि ती डाव्या सीटवर बसून एकटीच हसते आहे आणि डोळे पुसते आहे. त्याने चहा मात्र माझ्यासाठी पण सांगितला होता.

घरी पोचले तेव्हा तुमचे बंधू जिन्यात उभे होते, माकडटोपी घालून, तुमच्या दाराला टेकून. आलीस का, म्हणाले. मी म्हटलं, फोटो मिळाला. ते म्हणाले, मग आता ती येईल. आणि आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला, साखरेऐवजी मीठ घालून. मी पूर्ण प्यायले.

बाकी सगळं क्षेम. अस्मिताबरोबर तिळाचे लाडू दिले आहेत, कडक झाले आहेत, तुमच्या हाताला जसे येतात तसे मला अजून येत नाहीत, हे लिहून देते. अपूर्व, गुंजन यांना आशीर्वाद. तुम्हाला पुन्हा एकदा गुडघ्यांपुरता नमस्कार.

तुमची,
अरुंधती

ता. क. फोटो सोबत जोडला आहे. पाहिलात ना? आता पैज मी जिंकले. फोटो नागपूर जिल्ह्यातला आहे, झाड पिवळं आहे, पानं खाली पडली आहेत आणि कॅमेऱ्यामागे मी एकटी होते. अपूर्वला दाखवा, त्यालासुद्धा तो तिकडचाच वाटेल.

आणखी ता. क. पण तुम्हाला फसवून जिंकणं मला जमणार नाही, म्हणून पत्रात ताणाची गोष्ट लिहून टाकली. ही पानगळ नाही, तेव्हा पैज रद्द करायची असली तर करा. मात्र काल सिंधूताईंचा फोन आला होता. मी पाणी घातलेलं झाड सगळ्या बागेत एकटंच कळ्यांवर आलं आहे, आणि किडे खरंच त्याच्यावरच आले आहेत. धोंडबा रोज त्याला 'नागपूरची बाई' म्हणतात. बाकीच्या बागेला ते संक्रांतीनंतर पाणी सोडणार आहेत. मग माघात सगळी बाग फुलेल, वास डांबरी रस्त्यापर्यंत येतो म्हणे. फुलांचा फोटो तुमच्याकडेही मिळत नसेल. तुम्ही, म्हणजे सिंधूताईंची 'ते मॅट फाडणारी बाई', त्या वेळेला येणार आहात, असं मी त्यांना सांगून बसले आहे. तुम्हाला विचारायला हवं होतं, पण तुम्ही 'बघू' म्हणाला असतात.

शेवटचा ता. क. दलालाला तुम्ही कळवलंत की नाही मला माहीत नाही, पण तो संक्रांतीची वाट न बघता दोन गिऱ्हाइकं घेऊन आला होता. किल्ली माझ्याकडेच म्हणून दार मीच उघडून दिलं. दोन्ही वेळा त्यांनी जाताना शेजार कसा आहे म्हणून विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की समोरच्या दारात एक बाई राहते, फार भांडखोर आहे, सकाळी दूध आत घेताना सुरुवात करते. ते पुन्हा आले नाहीत. तेव्हा फ्लॅट काही विकला जाणार नाही, ते सोडाच. पण वन्सं, मी घरी पोचले असले तरी अजून त्या ट्रॅक्टरच्या मागेच आहे असं समजा. या आणि डावीकडे बसा. पुढचं दिसलं नाही तरी चालेल, तुम्ही फक्त 'काढ' म्हणा.